शाहिराला स्वतःसाठी फासा नसतो

बाबा, तुमचं तुणतुणं मी दिवाळीनंतर खुंटीवरून काढलं. तुम्हाला विचारता येत नव्हतं म्हणून आईला विचारलं. ती म्हणाली, ‘ने, पण तोडलंस तं घरात पाय ठेवू नको.’ तार सैल झाली होती, खुंटी पिळली तर कुईकुई करायची. ते पिशवीत घालून मी रामदासपेठेत गेलो. एका मित्राच्या वडिलांचा तिथे दवाखाना आहे. रविवारी तो बंद असतो, आणि पेशंट बसतात त्या बाकांवर आम्ही पाच जणं खेळायला बसतो. खेळ तुम्हाला कसा सांगू? पत्ते नाही, कॅरम नाही. आपल्या दंडारीतल्या सोंगांसारखं समजा, फक्त उभं राहायचं नाही आणि बघायला कोणी नाही. मित्र गोष्ट सांगतो, जंगल, राक्षस, पडका किल्ला, आणि आम्ही प्रत्येक जण त्यातलं एक पात्र होतो. आपण काय करणार ते बोलायचं, आणि जमलं की फसलं ते फासा ठरवतो. कोणी लढवय्या, कोणी चोर, कोणी जादूगार. मी शाहीर.

हसू नका. हा शाहीर तलवार धरत नाही. तो गातो, आणि त्याच्या गाण्याने दुसऱ्याला हिंमत येते. त्यासाठी दर लढाईला मला एक निळा फासा मिळतो. कोणाची वेळ वाईट आली की तो मी त्याला द्यायचा, म्हणजे त्याच्या दानात तेवढी भर पडते. स्वतःसाठी मात्र तो वापरता येत नाही, आणि एकदा दिला की परत मागता येत नाही. पहिल्याच दिवशी मी यावरून भांडलो. ‘हा काय नियम आहे बे? शाहिराले भीती नाही वाटत का?’ म्हणून बाकावर असा हात आपटला की सगळे फासे औषधाच्या कपाटाखाली गेले. मित्र म्हणाला, ‘नियम आहे गा, मी काय करू.’ एक मुलगी गुडघ्यावर बसली, हात घालून निळा फासा शोधून आणला, फुंकर मारून धूळ उडवली आणि माझ्या तळव्यावर ठेवत म्हणाली, ‘घे, तोफखाना.’ ती भाला घेऊन लढणारी. मी सोडलेल्या कॉलेजातच ती शेवटच्या वर्षाला आहे.

तुम्ही गेल्यावर मी कॉलेज सोडलं, हे तुम्हाला माहीत नाही. तिसऱ्या वर्षी एका सरांनी वर्गात काहीतरी म्हटलं, मी त्याहून वाईट म्हटलं आणि परत गेलोच नाही. आता सीताबर्डीत दुकानात मोबाइलवर काचा चिकटवतो. एक बुडबुडा राहू देत नाही, एवढं मात्र येतं. ‘तोंड आधी चालते तुझं, कान मागून येतात,’ असं तुम्ही म्हणायचे. अजूनही मागूनच येतात.

तुम्ही गाण्याच्या पार्टीत झील धरायचे. शाहीर पुढे, तुम्ही मागे, तुणतुणं छातीशी. कडवं त्याचं, कडव्याच्या शेवटी उचलून धरायची ओळ तुमची. कळमेश्वरच्या कारखान्यातून पाळी संपवून यायचे, आई भाकरी थापायची, आणि तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून परातीवर बोटं वाजवत फक्त तुमची ओळ म्हणायचे. ती झाली की थांबायचे, जणू समोर कोणीतरी कडवं म्हणतं आहे, आणि पुन्हा तुमची ओळ. आई वैतागायची. ‘अजी, एखादं तं पुरं गाणं म्हणा!’ तुम्ही हसायचे. म्हणून मला सगळी गाणी अर्धी येतात. खेळातही माझा शाहीर एक ओळ गातो आणि थांबतो. सगळ्यांना वाटतं, ही माझी स्टाईल आहे.

पिशवी उघडली तेव्हा बाकीचे हसले, ती भालेवाली मात्र हसली नाही. तुणतुणं बघून म्हणाली, ‘एकच तार? मग सूर कुठून आणते?’ मी म्हणालो, सूर पुढच्याचा असतो. त्यानंतर प्रत्येक लढाईत ती माझ्याकडेच बघायची. ‘शाहीर, दे ना.’ आणि मी द्यायचो. आठवडाभर काचा चिकटवताना मला तेच ऐकू यायचं. यालाच प्रेम म्हणतात असं मी धरून चाललो. तिने पहिली ओळ म्हणावी, मी उचलतो, अशी वाट बघत बसलो.

मागच्या रविवारी खेळात आम्ही एका पुलावर अडकलो होतो. बाकीचे तर्री-पोहे आणायला खाली उतरले, आम्ही दोघंच राहिलो. तिने विचारलं, ‘तुझ्याकडे फासा उरला ना?’

‘आहे. पण आता तं लढाई थांबली आहे.’

‘खेळात नाही बे. मले पाहिजे.’ तिने तळवा पुढे केला. ‘उद्या घरी सांगायचं आहे. एका मुलाबद्दल. आमच्यातला नाही तो. बाबा पेटतील.’

बाबा, मीही तिच्या जातीतला नाही. माझ्या डोक्यात सगळे दिवे एकदम लागले. मी फासा तिच्या मुठीत दाबला. म्हणालो, ‘सांग. घाबरायचं नाही. मी आहे ना.’

‘थँक्यू यार,’ ती म्हणाली. ‘तो बंगलोरले आहे. म्हणते, फोनवर सोबत राहीन. फोनवर काय हिंमत येते सांग?’

माझा हात पुढे झाला. फासा परत घ्यायला झाला, खोटं नाही सांगत. तोंडात काय काय आलं होतं ते तुमच्यासमोरही बोलणार नाही. बाक उलटा केला असता. पण तिने मूठ घट्ट मिटली होती, आणि ती भिंतीवरच्या लहान मुलांच्या लसींच्या तक्त्याकडे बघून म्हणायला लागली, ‘बाबा, मले तुमच्याशी एक...’ आणि आवाज गेला.

तेव्हा मला तो दुपारचा कार्यक्रम आठवला. मंडप तापलेला, मी पहिल्या रांगेत सतरंजीवर. शाहिराचा गळा कडव्याच्या मधोमध बसला. लोक तुमच्याकडे बघायला लागले. तुम्हाला ते कडवं येत होतं, मला ठाऊक आहे, तुमचे ओठ हलत होते. पण तुम्ही तुमचीच ओळ धरली. पुन्हा पुन्हा, तुणतुणं न थांबवता, तो पाणी पिऊन, खाकरून परत येईपर्यंत. येताना बसमध्ये मी चिडलो, ‘तुम्हीच काहून नाही म्हटलं?’ तुम्ही म्हणाले, ‘त्याचा गळा बसला होता गा, गाणं नव्हतं बसलं. आपण मागून सोडलं नाही तं माणूस येते वापस.’ मग माझ्या हातावर तिकिटं ठेवली आणि डोळे मिटले.

मी म्हणालो, ‘हं. पुढे.’

ती पुन्हा म्हणाली, ‘बाबा, मले तुमच्याशी एक बोलायचं आहे.’ ‘हं.’ ‘रागावू नका.’ ‘हं, पुढे.’ अडखळली की मी ‘हं’ म्हणायचो, ती उचलायची. पोहे येईपर्यंत ती न अडखळता शेवटापर्यंत गेली. दुसऱ्याच मुलासाठीचं अख्खं गाणं, आणि मागे मी. दुसऱ्या दिवशी दुकानात मेसेज आला, ‘सांगितलं. बाबा ओरडले, रडले, मग बसून ऐकलं. तुझा फासा मुठीतच होता.’ समोर गिऱ्हाईक उभं होतं. त्या काचेत बुडबुडा राहिला.

आता रविवार येतो आहे. जाऊ की नको, कळत नाही. गेलो तर ती फासा परत देईल, आणि पुलावर पुन्हा म्हणेल, ‘शाहीर, दे ना,’ आणि मी देणार. दुसरं मला येतच नाही. मंडपात ओठ हलत होते तेव्हा तुमच्या आत काय चाललं होतं, एवढंच विचारायचं होतं. विचारणार कुठे? हा कागद गुंडाळून तुणतुण्याच्या पोकळीत सारतो. आवाज थोडा दबेल, दबू दे.

एक सांगायचं राहिलं. तिच्या वाक्यात त्याचं नाव यायचं, तिथे माझं ‘हं’ दर वेळी जरासं उशिरा पडत होतं. तिला कळलं नाही. तुम्ही मागे उभे असते, तर तुमच्या कानातून ते सुटलं नसतं.