चादर पांढरी झाल्यावर

प्रिय शेंडेफळा,

तुझा रोल काल आमच्या लॅबमध्ये मीच धुतला, प्रिंटही मीच काढले. आई माझं बाळ सांभाळायला इकडे आल्यापासून तिकडे तुम्ही दोघंच, म्हणून तिने बाबांच्या फोटोंसाठी तुझ्यामागे लकडा लावला होता. पाठवलेस, शाबास. पण मला एक सांग, बाबा नक्की कुठे आहेत?

तू म्हणतोस, घरीच, त्यांच्या खोलीत. मग ते हिरवे का आलेत? दिवसाच्या उजेडाची फिल्म बल्बखाली वापरली की फोटो नारिंगी येतो आणि ट्यूबलाइटखाली हिरवट, हे बाबांनी त्यांच्या स्टुडिओत आपल्याकडून घोकून घेतलं होतं. त्या हिरवटपणाच्या रागाने त्यांनी घरात एकही ट्यूब लावू दिली नाही. आता तू त्यांच्या नाकावर टिच्चून लावलीस की काय? काहीतरीच! फोनवर म्हणालास, फिल्म जुनी होती. थापा मारायच्या तर जरा नीट मार रे. फिल्म खराब असती तर सगळाच रोल बिघडला असता. सुरुवातीला तू करपलेली कढई घेऊन उभा आहेस, ते फोटो आपल्या स्वयंपाकघरातल्या बल्बसारखे छान नारिंगी आलेत. ते बाबांनीच काढलेले असणार, कारण त्यात डोकं कापलेलं नाही. त्यानंतर बाबा दिसतात आणि सगळं हिरवं होतं. शिवाय मागे ती पलंगाची लोखंडी दांडी. आपल्याकडे लोखंडी पलंग कधी आला?

तरी म्हटलं, उगाच संशय नको. चादर पांढरी दिसेपर्यंत मशिनवर रंग कमीजास्त करत बसले, कारण ती पांढरी झाली की त्या उजेडातलं बाकी सगळं खऱ्या रंगात येतं. चादर पांढरी झाली, भिंतही झाली. बाबांचे डोळे मात्र पिवळेच राहिले. तो पिवळा रंग दिव्याचा नाही रे. मला फार भीती वाटतेय. फोनवर तू विषय बदलतोस, म्हणून हे पत्र उद्या तिकडे येणाऱ्या मामांच्या हाती देतेय. कुठला दवाखाना, डॉक्टर काय म्हणाले, सगळं खरंखरं लिहून त्यांच्याच हाती पाठव. आईला मी सांगितलंय, रोल अजून धुवायचाय. आणि बाबांनीच तुला गप्प राहायला सांगितलं असेल, तर त्यांना एवढंच सांग, ताईने चादर पांढरी करून पाहिली. ते समजतील.

तुझीच, अजिबात न फसलेली,
ताई