दारापुढची जागा

दादर, मुंबई
ता. १२ माहे जानेवारी १९३८

ती. दादांचे सेवेशी, धाकटा नवसू याचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

मी खुशाल आहे. गिरणी सोडली. वयनी म्हनंल की याच्या पायाला भिंगरी, पण आता गवंड्याच्या हाताखाली लागलोय नि हे काम मला मानवलंय. इकडं नवी घरं उठतायत, पण एक अजब कायदा हाय. जागा तुमची असली तरी रस्त्याच्या कडेपर्यंत भिंत न्यायची नाय. अमुक फूट मोकळं सोडायचं, शेजाऱ्याच्या बाजूलाही सोडायचं. आमच्या शेठने गुपचूप ओटा पुढं काढला. मुनशिपालटीचा ओवरशेर आला, टेप लावली, नि आमीच बांधलेला ओटा आमच्याच हातानं फोडायला लावला. शेठ ओरडला की सोन्याच्या भावाची जमीन काय कावळ्यांना सोडू? मलाही तेव्हा शेठचंच खरं वाटलं. पण ओटा गेला नि पलीकडच्या म्हातारीच्या खिडकीत ऊन आलं. तिनं लगेच पापड घातले. बरं वाटलं, दादा.

तर आपलं नवं घर बांधताना दारापुढं चांगली ऐसपैस जागा सोडा. कंजूशी करू नका. आनि शेजारच्या धोंडूबाईशी गोडीत राहा. तिच्या भाचीचं, सुंदरेचं, नि माझ्या लग्नाचं बोलनं तिच्याच तोंडून व्हायचंय हे मी सांगायला नको.

वयनीला दंडवत. मला विसरू नका, एवढंच मागनं.
आपला नवसू


डोळखांब
ता. २ माहे फेब्रुवारी १९३८

चि. नवसू यास राघोचा अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या शब्दाखातर दारापुढं जागा सोडली. अशी सोडली की कोंबड्यासुद्धा पलीकडं जाता जाता दमतील. घराचा पहिला खांब, मेढ, रोवली, पूजा केली, नारळ फोडला. पण घर जेवढं मागं सरलं तेवढी मागची पडवी धोंडूबाईच्या गाडवाटेवर गेली. काल शेत भाजायला राबाचा पालापाचोळा भरून तिची गाडी आली ती खांबाशी अडली. बैल बुजले, राब सांडला. मग तिनं ओहळातून फेरा घातला, आनि जाताना सगळ्या पाड्याला ऐकू जाईल अशी म्हनाली की मुंबईला जाऊन पोरगा वाट गिळायला शिकला, असल्या घरात मी भाची देनार नाय.

आता काय करू सांग. घर पुढं घ्यावं तर मेढ उपटावी लागंल, आनि रोवलेली मेढ उपटनं म्हंजे घरावर संकट, असं भगत सांगतो. कायदा तुझा, निस्तरायचं मी. तुझी वयनी हसतेय, पण वरवरचं.

तब्येतीला जप. रागावलोय, तरी जीव तुझ्यात हाय.
राघो


दादर
ता. ९ माहे फेब्रुवारी १९३८

ती. दादांचे सेवेशी, नवसूचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र वाचून डोकं धरून बसलो. चूक माझी. इथं प्रत्येक घराचं तोंड रस्त्याकडं असतं, म्हनून मी दारापुढं लिवून मोकळा झालो. आपलं घर सूर्याकडं बघतं नि रस्त्याला पाठ दाखवतं, हे जन्म तिथं काढून कसं विसरलो? धोंडूबाईला सांगा की चूक नवसूची, दादाची नाय.

मेढ उपटू नका. मागची पडवी तेवढी काढली तर वाट सुटंल. पण तिथं वयनीची चूल हाय. जुन्या घरात धुरानं तिचे डोळे लाल व्हायचे, म्हनून तिनं ती पडवी मागून घेतली, हे मला ठाऊक हाय. तिला मी कुठल्या तोंडानं सांगू? तुमीच हे पत्र वाचून दाखवा, पण हळू वाचा.

सुंदरेचं नाय जमलं तर माझं नशीब. झोप लागत नाय तेवढी. घरची माया असू द्या.
आपला नवसू


डोळखांब
ता. २७ माहे फेब्रुवारी १९३८

चि. नवसू यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

हळू वाच लिवलंस म्हनून मुद्दाम मोठ्यानं वाचलं. तुझ्या वयनीनं, बाईजानं, सगळं ऐकलं. पदर खोचला आनि पडवीचा कारवीच्या काठ्यांचा कूड एकेक दोरी सोडून उतरवू लागली. अजून सारवला नव्हता म्हनून बरं. मी अडवलं तर म्हनाली की चूल माजघरात मांडीन, शेजारनीचा शाप घेऊन भाकरी गोड लागनार नाय. वर म्हनाली की धुराचं काय एवढं, जाऊ येतेय ना, तिला बसवीन चुलीपुढं. तुला कळवायला सांगितलंय.

खांब काढले, वाट मोकळी केली. परवा धोंडूबाईची गाडी आली. बैलांच्या पुढं ती स्वतः, हातात काठी. दोन्ही बाजूंना काठी लावून रुंदी मोजत गाडी नेली. आमच्याकडं बघितलं नाय. मी म्हटलं, संपलं. पण थोड्या वेळानं फिरून पुढच्या बाजूनं आली. अंगनात उभी राहिली, या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं, आनि बाईजाला विचारलं की एवढं मोकळं ठेवलंव, तर मांडव कधी घालताव?

आता कायदे लिवू नको, रजेचा अर्ज लिव. वाट बघतोय.
तुझा दादा, राघो