ज्याचा फायदा, त्याने चहा ठेवायचा

अप्पा, माळा आवरताना वहिनीला ढेकणांचा डबा सापडला. त्या पत्त्यांच्या खेळाचं खरं नाव काहीतरी भारदस्त इंग्रजी होतं, पण आपल्या घरात ते कधी कोणी उच्चारलं नाही. रक्त पितात, दिवसा लपून बसतात, मग ढेकूणच की, असं तुम्ही पहिल्याच दिवशी म्हणालात आणि काळ्या झग्यांतल्या त्या राजबिंड्या रक्तपिशाचांची इज्जत गेली ती गेलीच. डब्यात पत्ते आहेत, रबर वितळून काही एकमेकांना चिकटलेत, आणि तळाशी मूठभर चिकूच्या बिया. अजून चकाकतात मेल्या. वहिनीने डबा माझ्या पुढ्यात ठेवला आणि आत गेली. तेव्हापासून मी ओटीवर बसून हे लिहितेय. बोलायचं तुमच्याशीच आहे, पण तोंडाने बोलायची मला लाज वाटते.

२०१४ च्या दिवाळीत मी तो डबा घेऊन आले होते. मुंबईत माझ्याबरोबर खोलीत राहणारी मैत्रीण परदेशी निघाली, तिने जमवलेले शेकडो पत्ते मला देऊन गेली, आणि मला तळासरीच्या शाळेत नोकरी लागली. तळासरीत हा खेळ खेळणार कोणाशी? म्हणून रविवारी वाडीवर आले की तुम्हा तिघांना धरून बसवायचे. तुम्ही, वापीच्या कंपनीतून आठवड्याची झोप डोळ्यांवर घेऊन आलेला दादा, वहिनी आणि मी. सोबत आलेले प्लास्टिकचे लाल मणी पहिल्याच महिन्यात हरवले. तुम्ही चिकू खाऊन बिया धुतल्यात, वाळवल्यात आणि म्हणालात, "हे घे तुझं रक्त." तेव्हापासून एक बी म्हणजे एक थेंब. प्रत्येक ढेकणावर थेंब ठेवायचे, लढाईत ते जायचे, आणि सगळे गेले की ढेकूण झोपायचा, पत्ता आडवा करायचा. मध्ये मध्ये ढेकणांची सभा भरायची, तिथे मतं पडायची आणि त्यावर डाव फिरायचा. झोपलेल्याला मत नाही. दोन थेंब ठेवले की तो उठतो. बस, एवढं कळलं की खेळ कळला.

पण पत्त्यांवर लिहिणारे लोक आळशी होते. अर्धं लिहायचं, अर्धं तुमच्यावर सोडायचं. मी इंग्रजी वाचून मराठीत सांगायचे आणि तुम्ही चष्मा वर ढकलून प्रत्येक वेळी एकच विचारायचात, "कोणी?" एक थेंब काढावा. कोणी? पत्ता परत द्यावा. कोणी? मी चिडायचे, अहो अप्पा, समजून घ्या ना. तुम्ही म्हणायचात, समजून घ्या म्हटलं की भांडण ठरलेलं. तुम्हाला ते माहीतच होतं म्हणा. सामाईक विहिरीच्या पाण्याची पाळी, पाऊस पडला तर पाळी सोडायची असं आजोबांच्या वेळचं ठरलेलं. पण किती पाऊस? चार शिंतोडे आले की एक म्हणणार तुझी गेली, दुसरा म्हणणार कसली गेली. सगळे तुमच्याकडे यायचे आणि तुमची रीत एकच, की ज्याचा फायदा होणार त्याने अर्थ सांगायचा नाही. त्याने उठून पंपाच्या खोलीपाशी जाऊन बसायचं, ठरवायचं बाकीच्यांनी. घरात पंपाची खोली कुठून आणणार? म्हणून खेळात असा वाद आला की ज्याचा फायदा, त्याने आत जाऊन चहा ठेवायचा. दादा म्हणायचा, बरं झालं, हरलो तरी चहा आयता मिळतो.

इंटरनेटवर त्या खेळाचे खुलासे करणारी माणसं होती. मी एकदा छापून आणले. तुम्ही कागद बाजूला ठेवलात. "तो तिकडे बसून सांगणार, आपल्या ओटीवर काय चालायचं ते?" वहिनी पदर तोंडाला लावून हसली होती. मला मात्र राग आला. शिकलेली मी, नियम आणणारी मी, आणि निकाल मात्र चहाच्या आधणावर.

आत्याबाईंचा डाव आठवतो ना तुम्हाला? आत्याबाई म्हणजे तुमचा लाडका पत्ता, म्हातारी, नाकात चमकी, नजर अशी की उधारी मागायला आलीय. लढाईत त्यांचं रक्त संपलं, त्या झोपल्या, आणि पुढच्याच फेरीत सभा. त्या उठल्या असत्या तर तुम्ही जिंकला असता, झोपून राहिल्या असत्या तर मी. तुम्ही तुमच्या ढिगातल्या दोन बिया उचलल्या, आत्याबाईंवर ठेवल्या आणि पत्ता उभा केलात. मी हात धरला. झोपलेल्याने स्वतःला कसं उठवायचं? दुसऱ्या कोणीतरी उठवायला हवं. तुम्ही पत्ता माझ्यापुढे धरलात. "दोन थेंब ठेवल्यावर उठतो. कोणी ठेवायचे, लिहिलंय?" नव्हतं लिहिलेलं. आणि मी, दादा आणि वहिनीच्या देखत, म्हणाले, "तुम्हाला इंग्रजी कळत नाही अप्पा, उगाच वाद घालू नका." तुम्ही एवढंच म्हणालात, "चल बाय, चहा." फायदा दोघांचाही होता, म्हणून दोघांनीही जायचं.

स्वयंपाकघरात तुम्ही स्टोव्ह पेटवताय, मी दाराला टेकून फुरंगटून उभी. तुम्ही मागच्या दारातून गवती चहाची चार पाती तोडून आणता, हातानेच तोडून पातेल्यात टाकता. माझ्याकडे न बघता म्हणता, "स्वतःच्या फायद्याचा अर्थ माणसाला नेहमी सरळच दिसतो. मला पण दिसतो. म्हणून तर मी इथे उभा आहे ना?" मग साखर टाकत म्हणता, "इंग्रजी मला येत नाही ते खरंच आहे. पण तू आत्ता जे बोललीस ते इंग्रजीचं नव्हतं हां." एवढंच. मारलं असतंत तर परवडलं असतं. बाहेर आलो तेव्हा दादा-वहिनींचं ठरलं होतं, की थेंब स्वतःचे असतील तर झोपलेल्याने स्वतःच उठावं, कोणाच्या बापाची परवानगी नको. आत्याबाई उठल्या, मत दिलं, मी हरले. त्या दिवसापासून आपल्या घरात तो नियम झाला आणि पुढे किती वेळा तो माझ्याच कामी आला. तेव्हा मात्र मी मुकाट्याने दोन थेंब ठेवायचे आणि ढेकूण उठवायचे, वाद नाही काही नाही.

मग २०१८ चा पावसाळा. तुम्ही पंपाच्या खोलीत पडलात. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावा हात तेवढा राहिला आणि डोळे. डोळे तर असे, की डॉक्टरने "यांना समजत नसेल फारसं" म्हटल्यावर तुम्ही त्याच्याकडे जे पाहिलंत, तो बिचारा घाईने दुसरं औषध लिहायला लागला. मी वाडीवर राहायला आले. पहाटे तुमचं आवरायचं, एसटीने तळासरी, शाळा, परत एसटी, परत तुमचं. वहिनी करत होतीच, पण तुम्ही माझ्याच हातून खायचात. दोन महिन्यांत माझा जीव विटला. तुम्हाला नव्हे हो विटले, रोजच्या त्या फेऱ्यांना. नाही, खरं लिहायचं तर थोडी तुम्हालाही.

एका रविवारी दुपारी आम्ही तिघं तुमच्या खाटेभोवती बसलो. मी विषय काढला. तळासरीला माझ्या खोलीवर नेऊ या अप्पांना. हायवेला लागून आहे, वापीचं हॉस्पिटल जवळ, रात्री-अपरात्री लागलं तर गाडी मिळते, इथे वाडीत फाटकापर्यंत यायला पण कोणी तयार नाही. सगळं खरं होतं बरं का. दादा तुमच्याकडे बघत होता. "अप्पांना वाडी सोडवेल का? कोसबाडहून आणलेली चिकूची कलमं आहेत समोर, दिवसभर तिकडेच तर बघतात. त्यांना विचारायला नको?" वहिनी उठली आणि मला म्हणाली, "वन्सं, चहा ठेवायला येताय?" अप्पा, ती का विचारतेय ते मला पक्कं कळलं होतं. फायदा माझा होता. मी उठायला हवं होतं. मी म्हणाले, "तूच ठेव ना वहिनी." आणि दादाला म्हणाले, "विचारायचं काय? झोपलेल्याला मत नाही, आपल्याच खेळात आहे." आणि हसले. दादाही हसला, सुटल्यासारखा. तुमच्यादेखत. खाटेच्या कडेला चिकूची ताटली होती, मी तुम्हाला गर कुस्करून भरवत होते. वहिनी आत गेली, फाटकाशी चिकूचा टेम्पो आला म्हणून दादा उठला, आणि चहा येईपर्यंत ठरून गेलं होतं.

तुम्हाला तळासरीला नेलं. पहिला मजला, खिडकीतून हायवे, दिवसभर ट्रक. तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडायचात. मी म्हणायचे, बघा अप्पा, किती वर्दळ आहे इथे, करमेल तुम्हाला. काय बाई तरी मी! आणि त्याच थंडीत जमीन हलायला लागली. आधी वाटलं ट्रक गेला. मग रोजच. लोक घरं सोडून शेतात झोपायला लागले. एका दुपारी मी तुम्हाला पेज भरवत होते, आणि खालून असा दणका आला की मांडणीवरची भांडी खाली, भिंतीचा पोपडा तुमच्या पांघरुणावर. जिन्यात आरडाओरडा झाला आणि मी धावले. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर मला आठवलं, की वर तुम्ही आहात. परत आले तेव्हा तुमच्या केसांत चुना पडला होता आणि तुम्ही दाराकडे बघत होतात. रागाने नाही. डाव्या हाताने खाट थोपटलीत, बस म्हणून. मला बसवेना. मी खाली सांडलेली पेज पुसत राहिले, पुसून झाली तरी पुसत राहिले.

त्या संध्याकाळी दादाचा फोन आला. "घेऊन ये त्यांना. झाडांखाली मांडव घालतो, मोकळ्यात राहतील." मी म्हणाले, तिथे काय कमी हलतंय? तेही खरं होतं. माझ्याकडे खऱ्या कारणांना कधी तोटा नव्हता अप्पा. पण परत न्यायचं म्हणजे मी चुकले म्हणायचं, तेवढं मला जमलं नाही. होळीच्या आधीच तुम्ही गेलात, त्याच भिंतीकडे तोंड करून. त्या दिवशी मात्र कोणालाही न विचारता तुम्हाला वाडीत आणलं. कलमांना चिकू लगडले होते.

इतकी वर्षं सगळे मला म्हणतात, बापाचं किती केलंस. मी मान खाली घालते, लोकांना तो विनय वाटतो. दादालाही तसंच वाटतं. तो मनाला लावून घेतो, की त्या दिवशी अप्पांना निदान विचारायला हवं होतं, हात हलवून तरी काही सांगितलं असतं त्यांनी. तो असं म्हणाला की मी उठून कामाला लागते. कारण तुम्ही सांगितलं होतं. दादा फाटकाशी होता, वहिनी आत होती. मी ताटली उचलायला वळले, तर तुम्ही डाव्या हाताने त्यातल्या दोन बिया काढून घेतल्या होत्या. छातीवर पांघरुणाची घडी सारखी केलीत आणि त्या शेजारी शेजारी ठेवल्यात. मग माझ्याकडे पाहिलंत. दोन थेंब, तुमचे स्वतःचे. मला एका क्षणात कळलं. "पांघरूण चिकट होईल हो," असं म्हणून मी त्या बिया उचलल्या, सालींत टाकल्या आणि ताटली घेऊन आत गेले. वहिनी कपात चहा ओतत होती. मी म्हणाले, ठरलं.

तुम्ही विचाराल, कोणी उचलल्या? मी अप्पा. मी.

हे दादाला आणि वहिनीला वाचून दाखवायचं म्हणून लिहायला बसले होते. आतून गवती चहाचा वास येतोय, म्हणजे वहिनी आता कप घेऊन बाहेर येईल आणि विचारेल, काय लिहिताय वन्सं एवढं? शाळेचं काहीतरी आहे म्हणून सांगेन.