फणसाखालची मोकळी दिसणारी जागा

मी, चंदाबाई रत्नपाल तांबे, वय अडुसष्ट, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार दिवेआगर, लिहून ठेवते की शरीर थकले असले तरी माझे डोके ठिकाणावर आहे. हा कागद कोणाच्या दबावाने केलेला नाही. घरात त्यावरून राग होईल, हे मला माहीत आहे.

१. राहते घर मुलगा हितेश यास. बँकेतली ठेव नात मैत्रीच्या शिक्षणाला. शिलाई मशीन सून मानसीला. ती त्याला भंगार म्हणते, तरी तिलाच.

२. घरामागे फणसाच्या सावलीत भुईचाफा पसरला आहे. आज तिथे काही दिसत नाही. थंडीत पाने सुकून जातात, कंद मातीत निजतात आणि वैशाखात पानांआधी फुलेच जमिनीतून वर येतात. कुंडीत दोनदा लावला, कुजला. हितेश वीस वर्षे मुंबईत राहून गेल्या दिवाळीला परतला. लहानपणी पाहिला असेल, त्यानंतर फुललेला त्याने पाहिलाच नाही. आता तिथे त्याला घरी उतरणाऱ्या पर्यटकांच्या गाड्या लावायच्या आहेत. मी अडवले तर म्हणतो, "आई, नुसती माती हाय ती."

३. हे आजवर कोणाला सांगितले नाही. नवी नवरी असताना माघात मीही ती जागा रिकामी समजून खणली, कंद उकिरड्यावर फेकले आणि अळू लावले. सासूबाई वैशाख पौर्णिमेला बुद्धमूर्तीपुढे तीच फुले ठेवत. त्या वर्षी रिकाम्या हाताने बसल्या. मला शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते. उकिरड्यात चार कंद सापडले, त्यांचीच ही सगळी वाढ.

४. काल रघू गवंडी तिथे बसवायच्या सिमेंटच्या ब्लॉकांसाठी माप घ्यायला आला. मी त्याच्यापुढे हात जोडले. तो म्हणाला, "बाय, मी न्हाय बसवले ब्लॉक तं दुसरा कोन तरी बसवील." खरेच आहे. वकील सांगतात, मृत्युपत्र मेल्यावर लागू होते. डॉक्टर मार्चपर्यंतचे बोलतात. ब्लॉक सोमवारी बसणार, आणि सोमवारी मी जिवंत असेन. मग या कागदाचा मला काय उपयोग?

५. हितेश, हे कलम नाही, भीक आहे. घर तुझेच आहे, कायदा तुला अडवत नाही. फक्त एक वैशाख थांब. दाखवायला मी नसेन, तू एकटा जाऊन बघ. मग मनाला येईल ते कर.

६. हा कागद माझ्या मागे उघडू नये. आजच, मी समोर बसलेली असताना, त्याने वाचावा.

सही वाकडी आहे, पण माझीच आहे.

चंदाबाई रत्नपाल तांबे
दिवेआगर, १६ जानेवारी २०२६, शुक्रवार

साक्षीदार, आमच्यासमोर सही झाली:
तेजस्वी निकेत शिर्के
दत्तात्रेय हरेश्वर चोगले