बांधावरचं अनुदान

२ जुलै २०२४
आजपासून आपण पर्यावरणवादी. बांधावर झाडं लावली की सरकार जगलेल्या प्रत्येक झाडामागे अनुदान देतं. झाडाने जगायचं, आपण बघायचं. निपाणीत सगळे ऊसदराचं रडगाणं गातात, एवढी सोपी स्कीम कुणाला दिसली नाही! व्हिजन लागतं.

६ जुलै
सागाची रोपं लावली. लावताना कळलं, बांध वाकडा आहे. लाईन सरळ दिसावी म्हणून ओळ शेजारच्या आण्णाप्पाच्या रानात जराशी सरकवली. त्रिशला म्हणाली, "आवो, ते त्याचं रान हाय." बायकोला डिझाईन कळत नाही. आण्णाप्पा बघत उभा होता. म्हणाला, "लाव की कलगोंडा. झाडच हाय न्हवं?" भोळा माणूस.

८ सप्टेंबर
पर्युषण. दहा दिवस रागवायचं नाही, असा नियम घेतला आहे.

११ सप्टेंबर
वनखात्याच्या ऑफिसात गेलो. अर्ज कन्नडमधून पाहिजे म्हणे. कन्नडमधून दिला, तर म्हणाले सही चुकीच्या जागी. साहेब फील्डवर. कुठलं फील्ड ते शिपायालाही ठाऊक नाही. नियम मोडला, पण त्याला जबाबदार खातं.

१७ जानेवारी २०२५
पाचवी फेरी. साहेब भेटले! मी अस्खलित कन्नडमध्ये सगळं समजावलं. ते "आयतु, आयतु" म्हणाले. झालं, झालं. म्हणजे मंजूरच. परत येताना बुलेटचं कोटेशन घेतलं.

२ मार्च
ऊन वाढलं. संकल्प : दर रविवारी प्रत्येक झाडाला एक घागर, स्वतःच्या हाताने.

९ मार्च
रविवार. लाईट नव्हती.

१६ मार्च
चिकोडीला लग्न.

२३ मार्च
कंबर. शिवाय झाडांना फार लाडावून ठेवू नये.

१३ एप्रिल
रानात गेलो आणि थक्क झालो. सगळी झाडं हिरवीगार! हाताला गुण असतो एकेकाच्या. बुडाशी आण्णाप्पाच्या ड्रिपची नळी पसरली होती. त्रिशला म्हणते, महिनाभर तोच पाणी देतोय. नळी ठेवायला त्याला दुसरी जागा नसेल.

२९ एप्रिल
साहेब आले. मोबाईलवर नकाशा काढून बांधावरून चालले. आण्णाप्पाशी कन्नडमध्ये भराभर काहीतरी बोलले. दोघे हसले. मीही हसलो. साहेब गेल्यावर त्रिशलाने सांगितलं, सगळी झाडं आण्णाप्पाच्या सर्व्हे नंबरात आहेत. माझा अर्ज रद्द. त्याने अर्ज केला तर अनुदान त्याला.
यात तेव्हा हसण्यासारखं काय होतं?
संध्याकाळी आण्णाप्पा घरी आला. म्हणाला, "मला नगं तुझं अनुदान. पर एकदा बांध मोजून घिऊया." लगेच हो म्हटलं. सरकारी मोजणीत झाडं माझ्याकडे येणार. मोबाईलवर कुठे विश्वास ठेवायचा असतो?

१९ मे
मोजणी झाली. झाडं त्याचीच. वर बांधही त्याचा, आणि माझ्या उसाच्या चार सऱ्याही. आमच्या आप्पांच्या काळापासून त्या सऱ्या आम्ही आमच्या म्हणून लावत आलोय.
भांडायची पूर्ण तयारी होती. आण्णाप्पा म्हणाला, "ऊस तोडंस्तवर तुझाच. मग सोड." त्यावर कसं भांडायचं?
मोजणीदाराने चहा घेतला, तोही आमच्याकडे.

२२ मे
बुलेटवाल्याचा फोन आला. उचलला नाही.

२५ मे
रविवार. लाईट होती, लग्न नव्हतं, कंबर ठीक. घागर खांद्यावर घेऊन बांधावर गेलो. का गेलो, सांगता येत नाही. आण्णाप्पा झाडांच्या बुडाला पाला पसरत होता. घागरीकडे बघून म्हणाला, "ऱ्हाऊ दे रं. सकाळीच पाजलंय."
भरलेली घागर तशीच परत आणली. त्रिशलाने ती म्हशीपुढच्या बादलीत ओतली.