शुक्रवारची गोळी

६ नोव्हेंबर १९९८, शुक्रवार
कारखान्याला सुट्टी, म्हणून नेहमीप्रमाणे आईला शहागंजच्या दवाखान्यात नेलं. रक्तदाब १९० वर! डॉक्टरांनी तिसऱ्यांदा गोळी वाढवली. मी गोळ्यांची वही पुढे केली — रोज सकाळी माझ्या हातानं देतो, लगेच खूण करतो. "मग गोळीच कमी पडतेय." आणि तिचं डोकं भरकटतंय त्याचं काय, मी विचारलं. "सत्तरी ओलांडली, चालायचंच."
येताना रिक्षात आईनं विचारलं, "तू कोणाचा रं?"

७ नोव्हेंबर, शनिवार
सकाळी उठताना कोसळली. लुगड्यातच झालं. बायको, द्वारका, माहेरी गेलेली. नाकाला रुमाल बांधून मीच धुतलं. शिसारी आली — स्वतःच्या आईची! धुताना एक वाक्य तोंडून गेलं. ते इथं लिहीत नाही. तिची नजर भिंतीवर होती. तिला कळलं नसणार.

१० नोव्हेंबर
जालना रोडवरच्या वृद्धाश्रमातून अर्ज आणला. महिनाअखेरीस एक खाट रिकामी होतेय. तिथला कारकून म्हणाला, "भान नसेल तर अंगठा चालतो." किती सोपं!
द्वारका परतलीय, आईच्या खाटेपाशीच तिला हे सगळं सांगितलं. अर्ज बघून ती एवढंच म्हणाली, "अहो, वास तुम्हाला सहन होत नाही. मला होतो की."

१४ नोव्हेंबर, शनिवार
पुन्हा पडली. कपाळाला खोक. दिवसभर बरळत होती.

१८ नोव्हेंबर, बुधवार
चिकलठाण्याला कारखान्यात आज हाताखालच्या सांडूवर ओरडलो. महिन्याच्या तपासणीचे सगळे नमुने त्यानं पहिल्या पाळीचेच घेतलेले. "दुसऱ्या पाळीचा माल काय तुझा आजा तपासणार?" तो हसला, "साहेब, लई तापू नका, दाब वाढंल."
डबा उघडला आणि एकदम लक्षात आलं. आईचा दाब आम्ही फक्त शुक्रवारी बघतो. एप्रिलपासून! बाकीचे सहा दिवस?
घरी येऊन वही चाळली. तिच्या पडण्याच्याही नोंदी त्यात आहेत, जवळजवळ सगळ्या शनिवारच्या.

२१ नोव्हेंबर, शनिवार
काल दवाखान्यात गेलोच नाही. आज शेजारच्या गल्लीतल्या आवडाबाई नर्सना घरी बोलावलं. आई आडवी असताना दाब ११० भरला. उभी केली — ७८! डोलायलाच लागली.
"दादा, एवढ्या दाबानं मेंदूपर्यंत रक्त कसं पोचायचं? माणूस बरळणारच."
पायाखाली उशी देऊन तिला तासभर निजवलं. जरा भानावर आली तेव्हा आवडाबाईंनी सरळ तिलाच विचारलं, गोळी कशी घेता? मी हे कधीच विचारलं नव्हतं.
"जेवल्यावर घ्या म्हणला ना डागदर! शुक्करवारी माझा उपास. जेवणच नाय तर गोळी कशी घ्यावी? पदराला बांधते. शनवारी दोन खाते. लेकाच्या कमाईची, फेकू व्हय?"
म्हणजे शुक्रवारी गोळी नाही, म्हणून दाब वर. तो बघून डॉक्टर गोळी वाढवणार. वाढवलेली ती रोज घेणार, आणि शनिवारी दुप्पट!
प्रत्येक शुक्रवारी माझी खूण आहे. टोकदार पेन्सिलीनं, एका मापाची. गोळी तळहातावर ठेवली की खूण. गिळताना एकदाही थांबून पाहिलं नाही — वास येतो म्हणून. आता त्या वहीला हात लावायची किळस येते.

२३ नोव्हेंबर, सोमवार
रजा काढून डॉक्टरांकडे गेलो. "आधी सांगायचं नाही का?" माझ्यावरच डाफरले. गोळी एकदम बंद नाही, पण बरीच कमी केली. उपासाला दुधाबरोबर घ्यायची. दर भेटीला दाब उभं करूनही बघणार. भेटीचा वार बदलत राहणार.

२ डिसेंबर
आई माणसात आली! स्वतः उठते, मोरीपर्यंत जाते. आज द्वारकेला म्हणाली, "चहात साखर नाय बाई. माझी गोळी तू खाल्लीस काय?" तिघंही हसलो.
अर्ज फाडायला कपाट उघडलं. फाडला नाही. तसाच घडी घालून ठेवला. का?

५ डिसेंबर, शनिवार
आईनं मला शेजारी बसवून घेतलं. आवाज अगदी शांत. "त्या दिवशी मला धुताना बोललास — मर ना एकदाची, सुटू दोघं. समदं ध्यानात हाय माझ्या." मग म्हणाली, "कपाटातला कागद आण. अंगठा नाय, सही करते."