एकेचाळीस नंबरची स्टोरी

३ फेब्रुवारी, मंगळवार

पोचले. परतूरला उतरले तर पप्पा स्टेशनवर उभे. शाळा सुटल्यावर थेट आल्ते. पांढरा शर्ट, कडक इस्त्री. बॅग माझ्या हातातून घेतली आन् म्हणले, दमलीस. तेवढंच.

सगळ्यांना सांगितलंय, शूटिंगला सुट्टी आहे. खरं म्हणजे मी टीव्हीच्या शोमधून कटले! शंभर पोरींतून पाच जणींचा ग्रुप करणार होते — गाणारा, नाचणारा, देशभर फिरणारा. यावेळी पंधरा ठेवल्या. मी सोळावी. टीव्हीवर ते येत्या रविवारी दिसणार, तोवर घरच्यांनापण सांगायचं न्हाई असं लिहून घेतलंय.

रडू येईल वाटलं होतं. आलं न्हाई.

४ फेब्रुवारी

गल्लीतल्या मिथुनभाऊनं त्याच्या मोबाइलच्या दुकानावर माझं बॅनर लावलंय. आष्टीची शान! छातीवर एकेचाळीस नंबरचा बिल्ला लावलेला फोटो. खाली — राजानंद गुरुजींची कन्या, साक्षी. 'गुरुजी' माझ्या नावापेक्षा मोठं. मी बघितलं आन् पुढं गेले. पोटात काहीतरी व्हायला पाहिजे होतं. काहीच झालं न्हाई.

५ फेब्रुवारी, गुरुवार

लिहूनच टाकते. इथं कोण वाचायला बसलंय!

तिथं प्रत्येक पोरीची एक 'स्टोरी' लागते. स्टोऱ्या बसवणारी अर्पिता मॅडम कॅमेऱ्याच्या मागून विचारायची, तुझी स्टोरी काय? मी सांगितलं, वडील शिक्षक, घरात पुस्तकं, शाळेच्या गॅदरिंगला नाचायचे. तिनं पेनच खाली ठेवला. म्हणली, "यात काय आहे? कोण रडणार यावर?"

मंग तिनं आजोबांचं विचारलं. मी सांगितलं, कडूबा आजोबा सालगडी होते, सगळी हयात दुसऱ्याच्या वावरात गेली. तशी ती सरसावून बसली. "आजोबांच्या जागी बाबा म्हण. एकच शब्द तर बदलायचाय."

एकच शब्द. मी बदलला.

गंमत म्हणजे तिथल्या गाण्याच्या क्लासात मला 'न्हाई' म्हणलं की टोकायचे. स्टोरीत मात्र मॅडम म्हणली, न्हाईच म्हण, छान वाटतं. तीन टेक झाले. तिसऱ्याला मी रडले. सगळ्यांना वाटलं स्टोरीनं. माझा पाय मुरगळला होता, उभं राहवत नव्हतं.

६ फेब्रुवारी

पप्पा रोज संध्याकाळी दोन शर्टांना इस्त्री करतात. एक उद्याचा, एक अचानक कुठं जावं लागलं तर. मम्मीला हात लावू देत न्हाईत. आजी म्हणते, "तुझ्या आजोबानं त्याला दोनच गोष्टी सांगितल्या व्हत्या. शाळा सोडायची न्हाई आन् चुरगळलेल्या कपड्यात गावात फिरायचं न्हाई." आजोबांना एका लग्नात चुरगळलेला सदरा बघून पंगतीतून उठवलं होतं म्हणे. त्यानंतर आजोबा मेले, पण पप्पांची घडी कधी मोडली न्हाई.

आज सांगावं म्हणून जवळ गेले. पप्पा म्हणले, तुझा ड्रेस देतीस का, इस्त्री गरम आहे तोवर. दिला. सांगितलं न्हाई.

७ फेब्रुवारी

उद्या सात वाजता. विहाराच्या अंगणात पडदा लावून राह्यलेत.

८ फेब्रुवारी, रविवार

झालं.

अख्खी गल्ली आल्ती. पप्पा पहिल्या रांगेत. आधी मी नाचताना दिसले, शिट्ट्या पडल्या. मंग हळू संगीत सुरू झालं आन् एक पत्र्याचं खोपटं दाखवलं. साक्षीचं घर! मागं नारळाची झाडं. आष्टीत नारळ! सगळे हसले. मिथुनभाऊ म्हणला, दुसऱ्याच पोरीचं घर लावलं वाटतं ह्यांनी.

आन् मंग माझा आवाज आला. "माझे बाबा दुसऱ्याच्या वावरात मजुरी करतात..."

हसणं बंद झालं. कोणीच पप्पांकडं बघितलं न्हाई. बघितलं असतं तर बरं झालं असतं. शेवटी मी कटले, ते कोणाच्या ध्यानातपण आलं न्हाई. पप्पा उठले, आपली खुर्ची उचलून भिंतीला लावली आन् घरी गेले.

९ फेब्रुवारी, सोमवार

पप्पा शाळेत गेले, रोजच्यासारखे. आल्यावर आजीनं विचारलं, कोणी काही म्हणलं का रे? म्हणले, पाचवीतल्या एका पोरानं विचारलं, सर, शाळा सुटल्यावर तुम्ही कोणाच्या वावरात जाता?

मी म्हणलं, पप्पा, त्यांनी सांगितलं तसं बोलले मी. ते चष्मा पुसत होते.

"मजुरीची लाज न्हाई मला. माझ्या बापानं केली. पण तो घाम त्याचा होता, साक्षी. तू तो माझ्या नावावर केलास."

मला शरम वाटायला पाहिजे. लांबून कोणीतरी हाक मारावी, तेवढीच वाटली.

१० फेब्रुवारी

पप्पांनी दोन शर्टांना इस्त्री केली, माझा ड्रेस मागितला न्हाई. जेवले. झोपले. उठले. जेवले.

११ फेब्रुवारी, बुधवार

अर्पिता मॅडमचा फोन! कटलेल्यांतली एक पोरगी लोकांच्या मतांवर परत घेणार होते. मलाच सगळ्यात जास्त मतं! मॅडम म्हणली, तुझ्या बाबांनी रडवलं सगळ्यांना. उद्या टीम आष्टीत येणार. बाबा वावरात काम करताना पाहिजेत, अर्धा दिवस फक्त. जमत नसेल तर आजच सांग, दुसऱ्या नंबरची पोरगी तयार आहे.

फोन स्पीकरवर होता. पप्पा दारात चपला काढत होते. मी नको म्हणायला पाहिजे होतं. म्हणलं, बघते.

मला जायचंय. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा बराबर काहीतरी वाटलं, आन् ते हे.

१२ फेब्रुवारी

सकाळचे सात. पप्पांनी रजा टाकलीय. आजीचं खुरपं काढून उंबऱ्यापाशी ठेवलंय. खुंटीवरचा इस्त्रीचा शर्ट घेतला, दोन्ही हातांनी चुरगळला, झटकून बघितला, परत चुरगळला. अंगात घालून माझ्यासमोर उभे राह्यले.

"एवढं बास का?"

मी म्हणलं, कॉलर राह्यली.